महाडहून एका दिवसात रायगड: वाटाड्या घ्यावा का? आणि घोड्यावरून बाजारहाट खरंच व्हायचा का?

गांधारीकाठची:
डिसेंबरात माहेरी महाडला गेले होते. बाबा ७१ वर्षांचे, एका कानाला यंत्र, उजवा गुडघा कुरकुरतो. त्यांनी फर्मान काढलं की रायगड पायऱ्यांनी चढायचा. रोपवे आल्यापासून (१९९६) ते वर गेले ते पाळण्यानेच, आणि ते त्यांच्या मनात सलत होतं. सोबत माझा भाचा, वय १२, त्याला अर्थातच पाळण्यातच बसायचं होतं. शेवटी तह झाला: चढायचं पायऱ्यांनी, उतरायचं पाळण्याने.

सकाळच्या एसटीने निघालो. नातेखिंड ओलांडली, कोंझरच्या पुढे गाडी वळणं घ्यायला लागली आणि बाबांचा आवाज चढला, ते शाळेच्या सहलीच्या गोष्टी सांगायला लागले. पाचाडला उतरलो. आधी जिजाऊंची समाधी. तिथे सकाळी कुणी नव्हतं, एक बाई झाडत होती फक्त. मग चहा, आणि चहाच्या टपरीवरच वाटाड्या भेटला.

खरं सांगते, मला वाटाड्या नकोच होता. दोन वर्षांपूर्वी एका ट्रेकिंगवाल्यांबरोबर इथेच आले होते. ४५ माणसं, पुढे एक शिट्टी, मागे एक शिट्टी, आणि वर पोचल्यावर एकाने मोबाईलवरून माहिती वाचून दाखवली. जगदीश्वरापाशी दहा मिनिटं दिली, त्यातली सात ग्रुप फोटोत गेली. तेव्हापासून 'गाईड' म्हटलं की मला ती शिट्टीच ऐकू येते.

पण हे काका पन्नाशीचे, पायात साध्या चपला, आणि त्यांनी पहिला प्रश्न बाबांना विचारला, "गुडघा कुठला?" बाबांनी उजवा सांगितला. "मग उतरताना त्रास, चढताना नाही. चला." एवढ्यावर मी गप्प बसले. बाराशे ठरले, अख्ख्या दिवसाचे.

चित दरवाज्याकडून सुरुवात केली. दरवाजा आता नाही, नावच उरलंय. खुबलढा बुरूज डोक्यावर घेऊन वाट वर सरकते. पायऱ्या दीड हजाराच्या आसपास. भाच्याने मोजायला घेतल्या, तीनशेच्या पुढे कुठेतरी माकड दिसलं आणि हिशेब गेला. काकांची चाल बघण्यासारखी होती. बाबा थांबले की ते "बसा" म्हणायचे नाहीत, उभ्या उभ्या काहीतरी दाखवायला लागायचे. समोरचा पोटल्याचा डोंगर असाच एका थांब्यावर दाखवला: १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथून तोफा डागल्या, वर आग लागली, लाकडाचं होतं ते सगळं गेलं आणि मे महिन्यात किल्ला पडला. बाबांचा दम परत आला तेव्हाच गोष्ट संपली. हे त्यांनी मुद्दाम केलं हे मला महादरवाज्यापाशी कळलं.

महादरवाजा शेवटपर्यंत दिसत नाही. दोन बुरूज, एक ७५ फूट, दुसरा ६५ फूट, आणि दार त्यांच्या कुशीत. अगदी तोंडाशी जाईपर्यंत समोर नुसती भिंत. तिथे काकांनी भाच्याला विचारलं, "तू शत्रू. हत्ती घेऊन आलास. हत्ती इथे पळवणार कसा?" भाचा मागे वळून बघत राहिला, कारण दारासमोर हत्तीला धाव घ्यायला जागाच नाही.

आणि मग बाजारपेठ. तिथे जे झालं त्यासाठी हा धागा.

होळीच्या माळाच्या पुढे दोन रांगा, प्रत्येकी २२ दुकानं, मधे ४० फुटांचा रस्ता. काकांनी ठरलेली गोष्ट सुरू केली: जोती उंच, कारण मावळे घोड्यावर बसूनच खरेदी करायचे. भाच्याने विचारलं, "पण काका, घोडे त्या पायऱ्या चढून आले कसे?" काका क्षणभर थांबले. मग हसले आणि म्हणाले, "पंचवीस वर्षं सांगतोय. मोठी माणसं माना डोलावतात. विचारतात ती पोरंच."

तर जाणकारांनो, ही गोष्ट खरी आहे का? की वाटाड्यांनी एकमेकांची ऐकून वाढवलेली? आणि दुसरं, महाडहून एका दिवसात जाणाऱ्याने वाटाड्या घ्यावा असं तुम्हाला वाटतं का?

चहाबिस्कीट:
मस्त लिहिलंय! "विचारतात ती पोरंच" हे फार आवडलं. वाचनखूण साठवली.

बाराशे जास्त नाही झाले का? आम्ही वर गेल्यावर होळीच्या माळावर एकाला गाठलं होतं, त्याने पाचशेत सगळं फिरवलं.

गांधारीकाठची:
@चहाबिस्कीट, त्याने वरचं फिरवलं. हे काका पाचाडपासून चालत आले, बाबांची पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती, आणि आम्हाला पाळण्यात बसवून स्वतः पायऱ्यांनी खाली गेले. खाली आमच्या आधी पोचून चहा पीत बसले होते. वर रांग मोठी होती म्हणा.

तर्कट:
घोड्यावरून खरेदी हे मला कधीच पटलं नाही. जोतं उंच का? कारण आपण कोकणात आहोत! आजही महाड-पोलादपूरकडचं जुनं घर बघा, जोतं कमरेएवढं असतंच. चार महिने पाऊस झोडपतो. गडावर तर ढग दारातून आत येतो. धान्य, मीठ, गूळ, कापड ठेवायचं तर जमिनीपासून जेवढं वर तेवढं बरं. याला घोडा लागत नाही, पाऊस पुरतो.

दुसरं म्हणजे, ती दुकानंच होती कशावरून? पुढे एक खोली, मागे खोल्या. अधिकाऱ्यांची, सरदारांची राहण्याची घरं होती असंही मत आहे, आणि मला ते जास्त पटतं. राजवाड्याच्या इतक्या जवळ, एका सुतात, एका मापाची घरं. राजधानीत बाहेरून येणारे-जाणारे वकील, कारकून, त्यांची सोय कुठेतरी करावी लागलीच असेल.

मावळातला:
आलेच तर्कटराव. प्रत्येक गोष्टीत खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही तुम्हाला. पिढ्यान्‌पिढ्या लोक सांगत आलेत ते सगळं खोटं, आणि तुमचं मीठ-गूळ खरं?

तर्कट:
पिढ्यान्‌पिढ्या म्हणजे किती? १८१८ नंतर गड ओस पडला होता, रान माजलं होतं. आज आपण ज्या गोष्टी ऐकतो त्यातल्या किती त्या आधीच्या आहेत? मी खोटं म्हणत नाही, पुरावा दाखवा म्हणतो. महाराजांचं मोठेपण घोड्यावरून गूळ घेण्यावर अवलंबून आहे का?

मावळातला:
हे शेवटचं वाक्य मान्य. बाकी नाही.

शिलालेखवेडी:
भांडू नका, गडावरचा दगडच थोडं सांगतो. जगदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर जो संस्कृत शिलालेख आहे, त्यात गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी रायगिरीवर, म्हणजे रायगडावर, काय काय बांधलं त्याची जंत्री आहे: वापी, कूप, तडाग, म्हणजे विहिरी आणि तळी, मग रम्य वन, वीथी, स्तंभ, कुंभिगृहे, नरेंद्रसदने म्हणजे राजवाडे. वर्ष शके १५९६, आनंदनाम संवत्सर, म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचं साल. वीथी म्हणजे रस्ता, दुतर्फा ओळ असलेला रस्ता. बाजार असा शब्द तिथे नाही. त्यामुळे दुकानं की घरं हा वाद शिलालेखाने सुटत नाही, पण ती सरळ वीथी बांधणाऱ्याला अभिमानाने सांगावीशी वाटली एवढं नक्की.

आणि भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर: कुंभी म्हणजे हत्ती. कुंभिगृहे म्हणजे हत्तीखाने. म्हणजे घोडेच काय, हत्तीही वर होते. राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकिलाने, हेन्री ऑक्झिंडेनने, दरबाराच्या दाराशी दोन छोटे हत्ती आणि दोन देखणे घोडे पाहिले आणि हे एवढी बिकट वाट चढून आले कसे याचं नवल लिहून ठेवलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परदेशी वकिलाला पडलेला प्रश्न तुमच्या भाच्याला पडला. त्याला सांगा.

गांधारीकाठची:
सांगितलं! तो आता घरभर "मी आणि ऑक्झिंडेन" करत फिरतोय. तुमच्यामुळे आगीत तेल 😀

काकांनी हत्तींबद्दल सांगितलं होतं की पिल्लं असतानाच वर आणली आणि तिथेच वाढवली. 'छोटे हत्ती' ऐकल्यावर ते जुळतंय असं वाटतं.

शिलालेखवेडी:
जुळतंय असं वाटणं आणि जुळणं यात फरक आहे, पण मलाही ती गोष्ट आवडते. बरं, देवळाची ती पायरी पाहिलीत ना? "सेवेचे ठायी तत्पर" वाली? मोठा शिलालेख भिंतीवर, पण हिरोजीने सेवक म्हणून आपलं नाव कोरलं ते पायरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागेल अशा जागी.

गांधारीकाठची:
पाहिली. नाही, बाबांनी पाहिली असं म्हणते. आधीच्या खेपेला दहा मिनिटांत ती मला दिसलीच नव्हती, मी तिच्यावरून चालत गेले असणार. या वेळी काका काही न बोलता पायरीशी उकिडवे बसले, तळहाताने धूळ पुसली आणि बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. ओल्या दगडावर अक्षरं उठून दिसायला लागली. बाबा चष्मा वर करून, गुडघा विसरून खाली बसले आणि एकेक अक्षर बोटाने गिरवत वाचत होते, शाळेत पाटी गिरवतात तसं. पाणी वाळेपर्यंत वाचन झालं. मी मोबाईल काढला तेव्हा अक्षरं पुन्हा पुसट झाली होती. फोटो नाही.

दगडकरी:
एक विनंती, पाण्यापर्यंत ठीक आहे. खडू, पीठ, हळद घासून अक्षरं उठवणारे वाटाडे आणि हौशी अभ्यासकही पाहिलेत. दगड त्याने खराब होतो. तसं कुणी करताना दिसलं तर प्रेमाने थांबवा.

घाटावरचा_पाहुणा:
राजसभेतला आवाजाचा प्रयोग केलात का? आमच्या वाटाड्याने नगारखान्यापाशी काडी ओढली, सिंहासनाच्या जागेपाशी ऐकू आली म्हणे. मला नीट नाही आली, पण बायकोला आली. घरी सिंहासन कुणाचं ते ठरलं.

गांधारीकाठची:
हाहाहा! हो, केला. आमच्या काकांनी काडी नाही, कागद फाडला. बिस्किटाच्या पुड्याचा. नगारखान्याच्या कमानीत ते आणि भाचा, सिंहासनाच्या बाजूला आम्ही दोघं. मधे दोनशे फुटांहून जास्त अंतर, वर छप्पर नाही, मोकळं आभाळ. आणि बाबा, ज्यांना मी शेजारून "चहा घेता का" विचारलं तर "काय?" म्हणतात, ते म्हणाले, "फाटला." मी म्हटलं यंत्राचा आवाज वाढवलात. त्यांनी खिशातून यंत्र काढून दाखवलं, चढताना घाम येतो म्हणून सकाळीच काढून ठेवलं होतं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "यांना हवं ते ऐकू येतं, हे मला लग्नापासून माहीत आहे."

पाचाडचा:
धागा वाचतोय. मी तिथलाच, नोकरीला पनवेलला. माझा चुलता गाईडचं काम करतो, म्हणून दोन शब्द.

लोक म्हणतात गाईड खोट्या गोष्टी सांगतात. काही सांगतात, नाकारत नाही. पण बघा, आलेला माणूस विचारतो काय? हिरकणी कुठून उतरली, टकमक टोकावरून किती ढकलले, खजिना कुठे आहे. पाऊण तासात पाळण्याची वेळ होते. मग तो तेवढंच सांगतो जेवढं तुम्हाला ऐकायचं असतं. चुलत्याला विचारा गंगासागराचं पाणी उन्हाळ्यात कुठवर उतरतं, कुठल्या टाक्याचं प्यायचं, धुक्यात कुठल्या कड्याकडे जायचं नाही. हे कुणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही. तुमच्या पोराने विचारलं म्हणून तुम्हाला दुसरा माणूस दिसला.

पैशांचंही ऐका. आता लोक खालून पाळण्यात बसतात, वर उतरतात, फिरतात, परत पाळण्यात. पायरीवर ताक-सरबत विकणाऱ्या बायांचा धंदा निम्मा झाला असं आई म्हणते. बाराशे महाग नाहीत हो. चार माणसांत तीनशे पडतात.

चहाबिस्कीट:
बरोबर आहे दादा, माझं चुकलं. पुढच्या वेळी पाचाडपासूनच घेऊ.

मावळातला:
पाचाडकर, टाळ्या. आणि नागप्पाच्या दुकानाचं कुणीच बोललं नाही? पेठेत एका जोत्यावर दगडात नाग कोरलेला आहे, ते नागप्पा शेट्टीचं दुकान. आता तर्कटराव म्हणतील नाग तर देवळावरही असतो.

तर्कट:
नाग देवळावरही असतो.

पण खरं सांगू? त्या नागाजवळ मीही प्रत्येक वेळी थांबतो. नागप्पा शेट्टी असो नसो, एवढ्या एकसारख्या ओळीत एकाच घरावर कुणीतरी खूण केली. नवख्याला पत्ता सांगताना "नागाचं घर" म्हणत असतील. हा माझा अंदाज, पुरावा मागू नका.

मावळातला:
पुरावा दाखवा 😂

एकटी_भटकी:
मूळ प्रश्न एका दिवसात जमतं का हा होता ना? मी महाडहून तीनदा केलंय, एकटीने. जमतं, पण पहाटे निघालात तर. शेवटची एसटी कधीची ते पाचाडला उतरल्या उतरल्या विचारून ठेवा, परतीला त्यावरच सगळं असतं. मुंबईहून येणाऱ्यांनी कोकण रेल्वेने वीर स्टेशन गाठलं तर हायवेची कटकट वाचते, पण मग एक दिवस पुरत नाही, महाडला मुक्काम करा. आणि मुक्काम केलाच तर गांधारपाल्याची बौद्ध लेणी हायवेलाच आहेत, चवदार तळं गावात आहे, १९२७ च्या सत्याग्रहाचं. रायगडला जाणारे नव्वद टक्के लोक या दोन्हींना वळसा घालून जातात, मला त्याचं वाईट वाटतं.

मे महिन्यात पायऱ्यांनी जाऊ नका. गेलातच तर नऊच्या आत महादरवाजा गाठा. करवंदं मिळतात तेवढाच मेचा फायदा.

वाटाड्या: पहिल्या वेळी घ्या. दुसऱ्या वेळी एकटे जा. तिसऱ्या वेळी परत घ्या, तेव्हा तुम्हाला काय विचारायचं ते कळलेलं असतं.

पाचाडचा:
पावसाळ्याचं मी सांगतो. २०२४ च्या जुलैत पायऱ्यांवरून पाण्याचा जो लोंढा आला त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. माणसं कठड्याला धरून उभी होती. गड बंद ठेवलाय असं सांगितलं तर हुज्जत घालू नका. २०२१ च्या जुलैत महाड बुडालं आणि तळियेवर दरड आली, तो तालुका हाच. इथला पाऊस फोटोत दिसतो तसा नसतो.

सहा जूनला, राज्याभिषेकाच्या दिवशी, यायचं असेल तर गर्दीसाठी या, गडासाठी नको. तारखेने एक सोहळा, तिथीने, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, दुसरा. दोन्ही दिवशी पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. मला स्वतःला ते आवडतं, पण शिलालेख वाचायचा दिवस तो नाही.

घाटावरचा_पाहुणा:
जेवणाचं कुणीच लिहिलं नाही. असा कसा मराठी धागा?

गांधारीकाठची:
अरे हो! गडावर एका झोपडीत जेवलो. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, कांदा, ताक. मावशींनी भाकरी आमच्यासमोर थापली, परातीत पाण्याचा हात लावत लावत. भाचा एरवी पिठलं बघून नाक मुरडतो, त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. बाबांनी ठेचा मागून घेतला, आईला सांगू नकोस म्हणाले. (आई हा धागा वाचत नाही.) काकांना आमच्याबरोबर बसा म्हटलं तर ते चुलीपाशी आत जाऊन जेवले. मावशी त्यांच्या गावच्याच निघाल्या, आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. आमच्याबद्दलच असणार.

शिलालेखवेडी:
मग घोड्यांच्या गोष्टीचं काकांनी पुढे काय केलं? तुम्ही अर्धवट सोडलंत.

गांधारीकाठची:
हो, ते राहिलंच. भाच्याच्या प्रश्नावर हसून झाल्यावर त्यांनी बाबांची काठी मागितली. जोत्याला उभी लावली, मग भाच्याला तिच्याशेजारी उभं केलं. म्हणाले, "आता तू सांग. तू दुकानदार, आत बसलायस. बाहेर पाऊस. पाणी कुठून वाहत येईल?" भाच्याने रस्त्याच्या मधोमध उभं राहून आजूबाजूला बघितलं, मग ओणवा होऊन उतार शोधायला लागला. पाच-दहा मिनिटं दोघं रस्ताभर फिरत होते, काका मागे, तो पुढे. बाबा एका जोत्यावर बसून बघत होते. तेवढ्यात वीस-पंचवीस जणांचा एक कंपू आला. त्यांच्या गाईडने हात वर केला आणि सुरू केलं, "ही बाजारपेठ, जोती उंच का, तर घोड्यावर बसून…"

आमचे काका लगेच बाजूला झाले, त्यांना जागा करून दिली. भाचा काहीतरी बोलायला निघाला होता, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कंपू पुढे गेल्यावर म्हणाले, "त्याचं पोट आहे त्याच्यावर. तुझ्यासारखं पोर त्याला भेटेल कधीतरी."

काल पाचाडला फोन केला होता, आभार मानायला. विचारलं, आता गोष्ट कशी सांगता? म्हणाले, "दोन्ही सांगतो. घोड्याची आधी."